अळवातला खुंटा

"पिन तोडायची न्हाई."

अंजनाने ॲम्प्लिफायरचा प्लग मुठीत गच्च धरला होता. समोर पक्कड घेऊन उभ्या असलेल्या वरदच्या चेहऱ्यावर, आपण असं काय वाईट बोललो, असा भाव होता.

"मॅडम, फक्त वरची जाडी पिन. अर्थिंगची. ती उडवली की हा घूंऽऽ आवाज बंद होतो. सगळे असंच करतात."

"सगळे करत्यात ते ठावं हाय मला. म्हणूनच तोडायची न्हाई."

सांगलीच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत, हळदीच्या गोदामावर पहिल्या मजल्याला वरदचा स्टुडिओ होता. दोन खोल्या, मध्ये काच, भिंतींना काळा फोम. जिना चढून येईपर्यंत माणसाच्या नाकात हळद बसायची आणि गाणारा आधी दोनदा शिंकून मग गायला लागायचा. सकाळचे दहा वाजले होते. दोन वाजेपर्यंत स्टुडिओ उंब्रजच्या नवझंकार ऑर्केस्ट्राचा होता, त्यानंतर कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगची पोरं येणार होती.

नवझंकारमध्ये अंजना सत्तावीस वर्षं बास गिटार वाजवत होती. एकोणिसाव्या वर्षी ती कोरसमध्ये उभी राहायला म्हणून आली. त्याच हंगामात बास वाजवणारा माणूस मुंबईला पळाला आणि ऑर्केस्ट्राचे मालक नारायणअण्णा यांनी ते चार तारांचं धूड हिच्या खांद्याला अडकवलं. कारण काय, तर पट्टा हिला बरोबर बसला! तिथून पुढे लग्नं, जत्रा, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटवायचे समारंभ, सगळीकडे ती ड्रमच्या मागे उभी राहून वाजवत आली. बासचं दुखणं असं, की तो वाजतोय हे कुणाला कळत नाही, थांबला की मात्र गाणं लंगडायला लागतं. एका जत्रेत तर एका म्हातारीने विचारलं होतं, "ती मागची बाई नुसती धरून हुबी ऱ्हाती, तिला बी पगार देता व्हय?"

आज मात्र तिचे हात पहिल्यांदाच रेकॉर्ड व्हायचे होते. तिला ते फार हवं होतं, आणि ते लपवायचीही तिला गरज वाटत नव्हती. काल तिने बासच्या तारा काढून पातेल्यात उकळल्या होत्या, म्हणजे त्यांचा मळ निघून आवाज खुलतो. नखं कापली होती. उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडवर तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, त्याच्या शटरवर खडूने लिहून आली होती, 'आज बंद, रेकॉर्डिंग.'

सकाळी आल्या आल्या तिने पिशवीतून आपली डबी काढली. डबी म्हणजे बासचा प्रीॲम्प पेडल, विटेएवढा, वर पाच बटणं. वरदने उत्साहाने त्याची एक वायर ॲम्प्लिफायरच्या पुढच्या भोकात घालायला घेतली.

"पुढनं न्हाई, मागनं," अंजना म्हणाली. "मागं 'रिटर्न' लिवलंय, तितं. डबीनं आवाज एकदा तयार केलाय. पुढनं घातलीस की ॲम्प त्येला परत आपला रंग लावनार. आमटीला दोनदा फोडणी देतोस का?"

दुसऱ्या बाजूची जाड, तीन पिनांची वायर वरदच्या रेकॉर्डिंगच्या पेटीत जायची होती. "आदी तुजं ते अठ्ठेचाळीस व्होल्टाचं बटण बंद कर. ते माइकाला लागतं, माज्या डबीला न्हाई. आन् आवाज सगळा खाली घे, मग जोड." वरदने मुकाट्याने बटण बंद केलं. पुण्याला जाऊन साउंडचा कोर्स करून आलेला पोरगा तो, उंब्रजच्या बाईकडून असलं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. इथवर सगळं ठीक चाललं होतं. आवाज वर घेतला आणि बासच्या आधी तो घूंऽऽ ऐकू आला, भुंगा कानात शिरल्यासारखा. मग पक्कड निघाली.

अंजनाने प्लग कमरेला खोचला आणि पिशवीतून टेस्ट लँप काढला. एक होल्डर, त्यात बल्ब, त्याला दोन वायरी. बोर्डाच्या खालच्या दोन भोकांत टोकं घातली, बल्ब लागला. मग एक टोक फेजला ठेवून दुसरं वरच्या मोठ्या भोकात घातलं. बल्ब ढिम्म. तिने दुसरा बोर्ड बघितला, तिसरा बघितला.

"तुज्या बोर्डांना अर्थच न्हाई की रं. वरचं भोक नुसतं शोभंला."

"बिल्डिंग तीस वर्षांची आहे, मॅडम. पण इतक्या दिवसांत काही झालेलं नाही."

"झालं न्हाई म्हंजे हुनार न्हाई, असं कुटं लिवलंय?"

कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलेल्या नारायणअण्णांनी कपाळावर हात मारला. पासष्टीचे अण्णा, केस अजून काळेभोर, म्हणजे रंगवलेले. "अंजने, आता हितं बी तुजा खुंटा काडती काय?"

हा खुंटा साताऱ्यापासून तासगावपर्यंतच्या मांडववाल्यांना माहीत होता. चार फुटी तांबं चढवलेली सळई, हातोडा, हिरव्या वायरीचं भेंडोळं, मिठाची पुडी आणि करंट गळायला लागला की फटकन पडणारी ट्रिप बसवलेला बोर्ड. कार्यक्रम कुठलाही असो, अंजना आधी स्टेजच्या मागे जाऊन जमिनीत सळई ठोकायची, मीठपाणी ओतायची, मग वायर जोडायची. पोरं विचारायची, "बाई, म्हस कुटं हाय?" ती म्हणायची, "तुज्या घरी." तिच्या खुंट्यापायी कार्यक्रम अर्धा-अर्धा तास लांबले. एका पुढाऱ्याचं भाषण तिने अडवून धरलं होतं, त्याबद्दल गावाने तिचे आभारच मानले ती गोष्ट वेगळी.

"आपण असं करू," वरदने मधला मार्ग काढला. "ॲम्प नकोच. तुमचा पेडल थेट माझ्या पेटीत घेतो. पेडलला बॅटरी आहे, प्रश्न मिटला."

"न्हाई मिटला. तुजी पेटी कुटं लावलीया? ह्याच बोर्डाला. आन् अंकिताचा माइक कुटं लावलाय? त्याच पेटीला."

अंकिता दाराशेजारच्या खुर्चीवर कोमट पाण्याचा थर्मास घेऊन बसली होती. बावीस वर्षांची, तासगावची, नवझंकारची गायिका. तिचा बाप इंद्रजित याच ऑर्केस्ट्राचा गायक होता. चौदा वर्षांपूर्वी गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या त्या माणसाने स्वतःचं असं एकच गाणं बांधलं होतं, आपल्या आईवर, भामाबाईवर. ती तासगावच्या शेडवर बेदाणा निवडायची. 'हिरवं वाळलं नि गोड झालं' असं त्याचं ध्रुवपद. तेच गाणं आज लेक गाणार होती.

"मावशी," अंकिता हसून म्हणाली, "आवं माज्या पायात चप्पल हाय. काय हुतंय?"

"तू गप बस."

अण्णा उठले. "हे बग, दोनला हितनं उटायचंय. वरद, बास तू तुज्या कीबोर्डावर वाजव. किती येळ लागंल?"

"दहा मिनिटं."

"मग झालं तर. अंजने, तू आराम कर."

 उकळलेल्या तारा, कापलेली नखं, शटरवरचा खडू, सगळं अंजनाच्या डोळ्यांसमोरून गेलं. सत्तावीस वर्षं वाजवलेलं हवेत विरलं होतं, एवढं एक राहिलं असतं. ती मेल्यावर कुणीतरी लावलं असतं आणि म्हणालं असतं, हा बास आमच्या अंजनाबाईचा. तिला रडू येईलसं वाटलं, आणि त्याचा तिला रागही आला.

"घ्या कीबोर्डावर," ती म्हणाली. "माजा बास नको. पर अर्थ मिळाल्याबिगर ही पोरगी त्या माइकाला तोंड लावनार न्हाई. मी लावू देनार न्हाई." आणि तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढून त्याच्यासमोर पाठ लावली. पंखा थांबला. वरदच्या पेटीवरचे हिरवे दिवे विझले.

"अगं बाई हैस का कोन!" अण्णांचा आवाज चढला. "चौदा वर्सं तुजं ह्ये थेर सोसतोय. कशापायी? आपल्यातल्या कुणाला कवा काय झालंय का?"

हे वाक्य अण्णांच्या तोंडून गेलं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"इंद्रजितला काय झालं, अण्णा?" अंजनाने विचारलं.

"त्येला हार्टॲटॅक आला. सगळ्या जगाला ठावं हाय."

"तुमी सांगितलंसा म्हणून ठावं हाय."

चौदा वर्षांपूर्वी, तासगावच्या पुढचं एक गाव, बेदाण्याच्या नव्या शेडचं उद्घाटन. दुपारचे चार. धूळ उडू नये म्हणून मैदानात टँकरने पाणी मारलेलं, स्टेज म्हणजे त्याच ओल्या मातीवर टाकलेलं जाजम. इंद्रजितने सवयीप्रमाणे कडेला चपला काढल्या होत्या. गाण्याच्या जागी पायताण घालून उभं राहायचं नाही, हा त्याचा नेम. साउंड चेक चालला होता आणि अंजनाच्या ॲम्प्लिफायरमधून असाच घूंऽऽ येत होता. तिने पक्कड घेतली, वरची पिन मोडली आणि प्लग लावला. आवाज बंद. समोरून इंद्रजितने अंगठा वर केला. "झकास, अंजे!" मग त्याने माइक ओठांशी नेला. ॲम्प्लिफायरच्या आत कुठेतरी करंट पत्र्याला लागला होता. जमिनीत जायची त्याची वाट तिने मोडून टाकली होती, म्हणून तो वायरीवाटे मिक्सरमध्ये, मिक्सरमधून माइकमध्ये गेला. ती फळीवर उभी होती, पायात रबरी स्लीपर. तिला काहीच झालं नाही.

आता तिने हे सगळं मोठ्याने सांगितलं. अण्णांकडे बघून नाही, अंकिताकडे बघून सांगितलं. पंखा बंद असल्याने एकेक शब्द ऐकू येत होता.

"पिन तुमी तोडली?" अंकिताने विचारलं.

"व्हय. ह्याच हातानं."

"तुमाला म्हाईत हुतं, असं हुतंय म्हणून?"

"न्हाई. आमच्यात कुणालाच न्हवतं. आवाज आला की पिन तोडायची, एवढंच शिकलेलो. पर ती पिन कशापायी आसती, ह्ये इचारायची अक्कल मला न्हवती. ती मागनं आली. कराडच्या आयटीआयला पोरांच्यात बसून वायरमनचा कोर्स केला, तवा. येळ गेल्याव."

अंकिता थर्मास खाली ठेवून उठली आणि जिना उतरून गेली. तिच्या सँडलचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

"झालं समाधान?" अण्णा खचल्यासारखे सोफ्यावर बसले. "मी कुनासाटी दडवलं? पोलिसात तुजंच नाव गेलं असतं. तुला वाचवायला मी खोटं बोललो."

"माज्यासाटी बोललासा, ठावं हाय. तुमचं उपकार हायतच. पर त्या खोट्यामुळं गावोगाव अजून पिना तुटत्यात, अण्णा. हार्टॲटॅकातनं कोन काय शिकनार?"

तिने पिशवीतून वर डोकावणारी सळई आणि हातोडा काढला, वायरीचं भेंडोळं खांद्याला अडकवलं. "वरद, खिडकीतनं खाली वायर येती का बग. गाणं होऊ दे न्हाईतर न्हाई, खुंटा ठोकल्याबिगर मी जात न्हाई."

इमारतीमागे नळाचं पाणी झिरपून एक पट्टा कायम ओला राहायचा. तिथे अळू माजलं होतं. पानं बाजूला सारून तिने सळई उभी केली, चार घाव घातले, तोच मागच्या खोलीतून एक म्हातारी काठी घेऊन बाहेर आली. गोदाम झाडणारी हरणाबाई. "कोन गं तू? माज्या अळवात काय गाडतीस?"

"खुंटा ठोकतीया आजी. तुमचं एक पान मोडत न्हाई."

"म्हस हाय का तुजी? बांदायची आसंल तर तिकडं बांद. अळू खाईल माजं."

"म्हस न्हाई, आजी. माज्यासाटी ठोकत्यात," नळाकडून आवाज आला.

अंजनाने मान वर केली. नळाशी अंकिता उभी होती. डोळे लाल, तोंड धुतलेलं, ओढणीचं टोक ओलं. ती जवळ आली आणि तिने हातोड्यासाठी हात पुढे केला. अंजनाने दिला.

"किती आत घालायचा?"

"बोटभर वर ऱ्हाईस्तवर."

अंकिताने घाव घातला. मग दुसरा, तिसरा. ती अशी घाव घालत सुटली, की सळई कुणाच्या छातीत उतरवायची आहे असं वाटावं. अंजना सळई धरून बसली होती. हातोडा घसरला असता तर तिची बोटं फुटली असती, बास वाजवायची बोटं. तिने हात काढला नाही. अंकिताच्या घशातून प्रत्येक घावाला हुंदक्यासारखा आवाज येत होता आणि हरणाबाई काठी टेकून बघत होती. सळई बोटभर उरली तेव्हा अंकिता थांबली.  

"मीठ घालायचं न्हवं?" अंकिता म्हणाली.

पिशवीतली पुडी कमी पडली. हरणाबाईने आत जाऊन वाटीभर जाडं मीठ आणलं, वर म्हणाली, "अळू मेलं तर बग." अंकिताने नळाखाली तांब्या धरून मीठ विरघळवलं आणि सळईच्या बुंध्याशी, अळवाची मुळं चुकवत, ओतलं.

वर खिडकीतून वायर आत घेतली. अंजनाने ती आपल्या बोर्डाला जोडली, मेन स्विच चालू केला, टेस्ट लँपची टोकं फेजला आणि अर्थला लावली. ट्रिप फटकन पडली. वरद दचकला.

"गळती कळली तिला. ह्येच काम हाय तिचं," अंजना म्हणाली. मग ॲम्प, पेटी, कॉम्प्युटर, सगळं तिच्या बोर्डावर आलं. प्लग तिने स्वतः लावला, तिन्ही पिनांसकट.

आवाज वर घेतला. घूंऽऽ बराच कमी झाला होता, पण होता. अण्णांनी डोळे मिटले. वरदची नजर पकडीकडे गेली आणि परत आली.

"आता सांगते," अंजना म्हणाली. "डबी एकीकडनं ॲम्पला जोडलीय, एकीकडनं तुज्या पेटीला. दोन्हीकडनं अर्थ आला, त्येचं कडं झालं. कड्यात ह्यो भुंगा फिरतोय. कडं कुटं तोडायचं? भिंतीत न्हाई, प्लगात न्हाई. हितं." डबीच्या कडेला तांदळाएवढं एक बटण होतं. तिने नखाने ते सरकवलं.

भुंगा गेला. खोलीत इतकी शांतता झाली की खाली हरणाबाईचा खराटा ऐकू आला.

"ग्राउंड लिफ्ट," वरद पुटपुटला. "मी वाचलं होतं याबद्दल."

 दर वेळी ते बटण सरकवताना अंजनाला जे वाटायचं तेच आत्ता वाटलं. एवढंसं बटण. त्या दुपारी कुणी दाखवलं असतं तर. ती बासची आधीच पुसलेली मान पुन्हा पुसत राहिली आणि मग तिने बास खांद्याला घेतला.

"कीबोर्डावर घ्यायचं न्हवं?" तिने अण्णांना विचारलं.

"वाजव आता," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "लय छळ करू नको."

अंकिता काचेपलीकडच्या खोलीत गेली. आत जाण्याआधी ती उंबऱ्याशी वाकली आणि तिने सँडल काढून कडेला, भिंतीला लावून ठेवल्या.  अंजनाने 'घाल त्या' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

माइकला आधी उलटा हात लावायचा, मग तोंड न्यायचं, हे नवझंकारच्या प्रत्येक गाणाऱ्याला अंजनाने सक्तीने शिकवलं होतं. उलटा हात झटका बसला तर सुटून येतो, सुलटा चिकटतो. सगळी पोरं ते घाईत, कंटाळून, खांदे उडवत करायची. अंकितासुद्धा. आज तिने हात उलटा करून माइकच्या जाळीवर टेकवला आणि तसाच ठेवला. काचेतून ती अंजनाकडे बघत राहिली. वरदने विचारलं, "सुरू करायचं?" तरी तिने हात काढला नाही. अंजनाने नजर खाली घेतली नाही. जे काय असेल ते तिने बघून घेतलं.

मग अंकिताने हात खाली सोडला आणि ओठ माइकला लावले, अगदी जवळ, तिचा बाप लावायचा तसे.

घड्याळात दोन वाजायला पस्तीस मिनिटं कमी होती. अंजनाने चार मोजले आणि सर्वांत खालची तार छेडली.